मद्य, गांजा आणि वाहन : कायदा काय सांगतो, रुग्णालय काय करते

आपल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात वाहन-अपघाताचा रुग्ण दाखल झाला, त्याच्यावर उपचार सुरू झाले आणि नातेवाईक थोडे सावरले, की कार्यालयाकडे एक विनंती हमखास येते. ‘साहेब, केसपेपरवर दारूचे काही लिहू नका.’ विनंती करणारा कधी रुग्णाचा थोरला भाऊ असतो, कधी गावचे सरपंच, तर कधी न्यासाच्या परिचयातील एखादे सद्गृहस्थ. नेमकी उलट विनंतीही येते : समोरच्या गाडीचा चालक प्यालेला होता, तसे स्पष्ट लिहा. या दोन्ही विनंत्या आम्ही नाकारतो आणि त्यामुळे ओढवणारा रोषही पत्करतो. आमच्या नकारामागे कोणता कायदा आणि कोणता विचार आहे, हे विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर एकदा सविस्तर मांडावे, या हेतूने यंदाच्या अहवालात हा लेख देत आहोत. एखाद्या विशिष्ट प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा लागतोच. त्याची जागा हा लेख घेणार नाही.

गैरसमजाचे मूळ असे, की ‘दारू पिणे’ आणि ‘दारू पिऊन वाहन चालविणे’ या दोन गोष्टी लोक एकच समजतात. त्यांचे कायदे वेगळे आहेत आणि मोजमापेही वेगळी आहेत. गांजा व भांग यांचा कायदा आणखी निराळा. त्यात आपला भाग गोव्याच्या सीमेलगतचा असल्याने ‘गोव्यात चालते ते इथे का चालत नाही’ हा प्रश्न आमच्या प्रतीक्षा-कक्षात वरचेवर ऐकू येतो.

सीमेच्या दोन बाजू

महाराष्ट्रात मद्याविषयी आजही लागू असलेला मूळ कायदा १९४९ सालचा आहे. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना झालेला मुंबई दारूबंदी अधिनियम आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. गल्लोगल्ली परवानाधारक दुकाने असलेल्या राज्यात ‘दारूबंदी’ हा शब्द ऐकून अनेकांना नवल वाटते; पण या कायद्याची घडणच अशी आहे, की मूळ नियम बंदीचा आणि परवाना ही त्यातून मिळणारी सूट. मद्य विकण्यासाठी जसा परवाना लागतो, तसाच तो विकत घेण्यासाठी, जवळ बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठीही लागतो. पिणाऱ्याचा परवाना एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन असतो. बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी वयाची अट २१ वर्षे, तर कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. परवान्याच्या छापील मजकुरात हे मद्य आरोग्याच्या जपणुकीसाठी असल्याचा उल्लेख असतो. आमचे डॉक्टर तो वाचून हसतात, पण कायद्याच्या दृष्टीने तो कागद खरा आहे आणि तो जवळ नसणे हा अपराध आहे. परवाना खिशात घेऊन बारमध्ये जाणारा गृहस्थ मात्र आमच्या पाहण्यात विरळाच.

या कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बालसारा प्रकरणात त्याचा बहुतेक भाग वैध ठरवला; मात्र मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधनाच्या वस्तू यांच्या वापरावरील निर्बंध रद्द केले. खोकल्याच्या औषधातही मद्यार्क असू शकतो, हे न्यायालयाने त्या काळी लक्षात घेतले. त्याचे पडसाद रक्ततपासणीच्या नियमांत कसे उमटले, ते पुढे येईल.

राज्याच्या आतही सर्वत्र सारखी स्थिती नाही. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून पूर्ण दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ साली लागू झाली व २०२१ साली उठवण्यात आली.

गोव्याचा इतिहास वेगळा. १९४९ साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, त्यामुळे मुंबईचा कायदा तेथे पोहोचलाच नाही. मुक्तीनंतर १९६४ साली तेथे अबकारी कर कायदा झाला. त्याचा भर बंदीवर नसून उत्पादन, विक्री व कर यांच्या नियमनावर आहे. तेथे पिणाऱ्याला स्वतःचा परवाना लागत नाही आणि कडक मद्यासाठीची वयोमर्यादाही आपल्यापेक्षा कमी आहे. साहजिकच पत्रादेवी ओलांडून बांद्याकडे येणाऱ्या माणसाने गोव्यात रीतसर पावती घेऊन विकत घेतलेली बाटली इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर बेकायदा ठरू शकते. गोव्याचा कर भरला म्हणजे महाराष्ट्राची परवानगी मिळाली, असे होत नाही. लग्नकार्याच्या गाडीतून असा माल आणताना पकडले गेलेले पाहुणे पाहिले की हा साधा फरक ठाऊक असणे किती गरजेचे आहे, ते कळते.

आता महत्त्वाचा मुद्दा. सीमेवर बदलतो तो मद्याचा कायदा. वाहनाचा कायदा बदलत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्राचा कायदा असून तो बांद्यात, म्हापशात आणि बेळगावात एकच आहे. गांजाविषयीचा १९८५ सालचा अमली पदार्थ कायदाही केंद्राचाच. गोव्यात पिण्याला मोकळीक आहे म्हणून तेथे पिऊन गाडी चालविण्यालाही मोकळीक असेल, हा समज ठार चुकीचा आहे. महामार्गालगतच्या दारूच्या दुकानांबाबतही हेच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी केली, ती दोन्ही राज्यांना लागू झाली. पुढे २०१७ साली लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणले गेले आणि नगरपालिका हद्दीला त्यातून वगळण्यात आले. मूळ आदेशामागचे कारण अपघात हेच होते.

तीस आणि पन्नास

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा आहे. माणूस झिंगलेला होता की नाही, गाडी सरळ चालली होती की वाकडी, हा प्रश्न येथे उद्भवत नाही. आकडा ओलांडला की गुन्हा पूर्ण होतो. ‘चालविण्याचा प्रयत्न’ करणाऱ्यालाही हे कलम लागू आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केलेल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यापूर्वी दंडाची कमाल मर्यादा अनुक्रमे २,००० व ३,००० रुपये होती. हेल्मेट नसल्याच्या दंडाप्रमाणे हे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. न्यायालयात जावे लागते.

दारूबंदी कायद्यात दुसरा आकडा आहे. परवान्याशिवाय मद्यपान केल्याच्या खटल्यात आरोपीच्या रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क आढळला, तर ‘मी औषध घेतले होते’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. बालसारा निकालाने औषधांना मोकळीक दिल्यानंतर पळवाट राहू नये म्हणून केलेली ही योजना दिसते. नातेवाईकांच्या बोलण्यात हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात. ‘पन्नासच्या आत आहे, म्हणजे काही होणार नाही’ असे कुणी म्हणाले, तर वाहनचालकापुरते ते खरे नाही.

‘मग किती पेग चालतात?’ असा प्रश्न विचारणारे थोडे नाहीत. त्याचे उत्तर कोणीही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही. शरीराचे वजन, स्त्री-पुरुष भेद, पोटात अन्न आहे की नाही, किती वेळात प्याले, यांवर आकडा ठरतो. एवढे निश्चित सांगता येते, की रक्तातील मद्यार्क साधारणपणे ताशी १५ ते २० मिलिग्रॅम या वेगाने कमी होतो, आणि कॉफी, लिंबूपाणी वा थंड पाण्याच्या अंघोळीने हा वेग वाढत नाही. रात्री बारा वाजता १५० मिलिग्रॅम असलेला माणूस सकाळी सहा वाजता झोपून, तोंड धुऊन, चहा घेऊन गाडीवर बसला तरी तो मर्यादेच्या वर असू शकतो. शिमग्याच्या किंवा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होणाऱ्या अपघातांकडे आम्ही या दृष्टीने पाहू लागलो आहोत.

याच हिशेबाची दुसरी बाजू रुग्णालयाशी संबंधित आहे. अपघाताच्या वेळी ६० मिलिग्रॅम असलेल्या चालकाचे रक्त दोन तासांनी घेतले, तर आकडा तिशीच्या अगदी जवळ आलेला असतो. म्हणून वेळेची नोंद महत्त्वाची. कलम १८५ खाली अटक केलेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे, अन्यथा तिला कोठडीतून सोडावे लागते, असे कलम २०२ सांगते. रात्री अडीच वाजता पोलिस घाई का करतात, याचे कारण बहुधा हेच असते.

आधी उपचार

अपघातातील जखमी दाराशी आला की कोणत्याही सोपस्काराची वाट न पाहता त्याच्यावर उपचार करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केले आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही ते आहे. धर्मादाय रुग्णालय म्हणून तातडीच्या रुग्णाकडून अनामत रकमेचा आग्रह न धरण्याचे बंधनही आपल्यावर आहे. रुग्ण प्यालेला आहे की नाही, यावर त्याची खाट, त्याचे सी.टी. स्कॅन किंवा त्याला मिळणारे रक्त अवलंबून नसते. देणगीदारांपैकी काहींनी पूर्वी असा प्रश्न केला आहे, की दारूड्यांवर धर्मादाय निधी का खर्च करावा. त्याला आमचे उत्तर इतकेच, की प्यालेल्या चालकाच्या गाडीखाली सापडलेला न प्यालेला पादचारी आणि तो चालक हे दोघेही एकाच रुग्णवाहिकेतून येतात, आणि दारात उभे राहून त्यांची निवड करण्याचा अधिकार कायद्याने आम्हांला दिलेला नाही. तो मिळावा अशी इच्छाही नाही.

जखमीला घेऊन येणाऱ्याविषयीही दोन शब्द. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४-अ यांनी अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. ‘पोलिसांच्या लफड्यात नको’ म्हणून रस्त्यावर पडलेल्या माणसाला ओलांडून जाण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

पोलिसांना रुग्णाच्या श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना हवा असेल तर काय होते? येथे कायद्याने डॉक्टरांना एक मोठा अधिकार दिला आहे, तो नातेवाईकांना सहसा ठाऊक नसतो. आंतररुग्णाचा नमुना घेण्यापूर्वी त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवावे लागते, आणि नमुना घेतल्याने रुग्णाच्या उपचाराला बाधा येईल असे डॉक्टरचे मत असेल, तर तो हरकत घेऊ शकतो. छातीच्या फासळ्या मोडलेल्या माणसाला नळीत जोराने फुंकायला लावणे, हे याचे सरळ उदाहरण. मात्र ही हरकत केवळ उपचाराच्या कारणासाठी आहे. रुग्ण ओळखीचा आहे म्हणून ती घेता येत नाही, आणि आमचे वैद्यकीय अधिकारी ती तशी घेत नाहीत. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने नमुना देण्यास विनाकारण नकार दिला, तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच तिच्याविरुद्धच्या पुराव्याला पुष्टी देणारा ठरू शकतो. ‘नाही म्हण, म्हणजे सुटलास’ हा मित्रांनी दिलेला सल्ला म्हणूनच घातक आहे.

महिला चालकाचे रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल, तर तेथे दुसरी महिला उपस्थित असली पाहिजे. रात्रपाळीची परिचारिका हे काम करते. दारूबंदी कायद्याखालील तपासणी मात्र राज्य सरकारने त्यासाठी प्राधिकृत केलेल्या डॉक्टरनेच करावयाची असते. त्यामुळे पोलिस पुष्कळदा अशा व्यक्तीला आपल्याकडे न ठेवता शासकीय रुग्णालयात घेऊन जातात. त्यात आम्ही टाळाटाळ करतो असे नव्हे.

पाच मिलिलिटर रक्त

न्यायालयात टिकणारा रक्ताचा नमुना घेणे हे दिसते तितके सोपे काम नाही. पहिली गोष्ट, त्वचा पुसण्यासाठी स्पिरिटचा बोळा वापरायचा नाही. परिचारिकेचा हात सवयीने स्पिरिटकडेच जातो. पण स्पिरिट म्हणजे मद्यार्क, आणि त्याचा अंश नमुन्यात गेला असा नुसता संशय निर्माण झाला तरी सारे व्यर्थ. १९५९ साली केलेल्या रक्ततपासणीच्या नियमांतच निर्जंतुक पाण्याने त्वचा स्वच्छ करण्याची आणि कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श न होऊ देण्याची सूचना आहे. किमान पाच मिलिलिटर रक्त शिरेतून घ्यायचे. ते रक्त गोठू न देणाऱ्या व टिकवणाऱ्या द्रव्याच्या कुपीत भरायचे. त्यासाठी सोडियम फ्लोराइड असलेली, करड्या झाकणाची कुपी वापरली जाते. साध्या कुपीत जंतूंच्या वाढीमुळे साखरेचे रूपांतर होऊन मद्यार्क नव्याने तयार होऊ शकतो. मग कुपी हलवायची, चिठ्ठी लावायची, लाखेने मोहोरबंद करायची आणि पोलिसांची पोच घ्यायची.

आमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत उपचारासाठी मद्यार्काची चाचणी झाली, तर ती सहसा रक्तातून वेगळ्या केलेल्या सीरमवर होते. सीरममधील आकडा संपूर्ण रक्तातील आकड्यापेक्षा काहीसा जास्त येतो. म्हणून आमच्या अहवालातील आकडा घेऊन थेट तिसाशी तुलना करू नये. उपचारासाठीचा कागद आणि न्यायवैद्यक कागद हे वेगळे असतात.

एवढी काळजी कशासाठी, हे समजण्यास दोन घटना पुरेशा आहेत. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण मृत्युमुखी पडले व आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला होता. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ निष्काळजीपणाचा नव्हे, तर सदोष मनुष्यवधाचा दोष कायम केला व तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. प्यालेल्या चालकाच्या हातून मृत्यू झाला तर प्रकरण कोठवर जाऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याची कमाल शिक्षाही दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे. दुसरी घटना १९ मे २०२४ च्या पहाटेची, पुण्याच्या कल्याणीनगरमधील. भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला, चालक म्हणून अल्पवयीन मुलाला ताब्यात घेण्यात आले, आणि त्याचा रक्ताचा नमुना रुग्णालयातच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या प्रकरणातील दोषादोष न्यायालय ठरवील. पण कुपी, चिठ्ठी आणि मोहोर यांवर साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष कधी नव्हे ते गेले. ‘काही लिहू नका’ ही विनंती नातेवाईकाला किरकोळ वाटते. तिला होकार देणारा कर्मचारी मात्र पुरावा नष्ट करण्याच्या गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो.

वास येतो, एवढेच

आता दुसऱ्या विनंतीविषयी. ‘प्यालेला होता असे लिहा’ म्हणणाऱ्यालाही आम्ही नाही म्हणतो, कारण डॉक्टरने जे पाहिले तेवढेच लिहावयाचे असते. श्वासाला मद्याचा वास आहे, बोलणे अडखळते आहे, बाहुल्या विस्फारलेल्या आहेत, तोल जातो आहे, अशा नोंदी होतील. ‘दारूच्या नशेत’ हा निष्कर्ष त्यांवरून लगेच निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली मुंबईतील एका चालकाच्या प्रकरणात नेमके हेच म्हटले : वास, अडखळते बोलणे व विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून, रक्ताची तपासणी नसताना, तो नशेत होता असे म्हणता येत नाही.

वैद्यकीय कारणे याहून गंभीर आहेत. डोक्याला मार लागलेला माणूस प्यालेल्यासारखाच बरळतो. मधुमेही रुग्णाची साखर एकाएकी उतरली तर तो झुलतो, भांडतो, शुद्ध हरपतो. साखर फार चढली तर श्वासाला गोडसर वास येतो आणि तो मद्याचा वाटू शकतो. कुणीतरी कपाळावर ‘दारूडा’ असा शिक्का मारला आणि रुग्णाला कोपऱ्यात ‘उतरेपर्यंत’ झोपवून ठेवले, तर मेंदूतील रक्तस्राव तोवर वाढत राहतो. आमच्या अपघात विभागाचा नियम आहे, की मद्याचा वास येणाऱ्या प्रत्येक बेशुद्ध रुग्णाची साखर प्रथम तपासायची आणि डोक्याची दुखापत नाही याची खात्री पटेपर्यंत ती आहे असे धरूनच चालायचे.

विम्याच्या बाबतीत या नोंदींचे वजन मोठे आहे आणि नातेवाईकांची खरी धास्ती बहुतेक वेळा तीच असते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यात चालक मद्याच्या अमलाखाली असल्यास भरपाई नाही, अशी अट असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीतील एका मोटारीच्या दाव्यात असा निर्णय दिला, की रक्त वा श्वासाची चाचणी झालेली नसली तरी विमा कंपनी परिस्थितीवरून, वासाच्या नोंदीसह, हे सिद्ध करू शकते. १९७१ चा निकाल फौजदारी होता आणि हा विम्याच्या कराराविषयीचा. दोहोंत पुराव्याची कसोटी वेगळी. जखमी झालेल्या तिऱ्हाइताची भरपाई हा आणखी वेगळा विषय. २०१९ च्या दुरुस्तीने चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचा बचाव विमा कंपनीला उपलब्ध झाला आहे. तरीही केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली, कंपनीने तिऱ्हाइताला आधी भरपाई द्यावी व मग ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा निर्णय दिला. आरोग्य विम्यातही व्यसन व त्याचे परिणाम यांवरील उपचार वगळणारे कलम असते आणि त्याचा आधार घेऊन दावे अडवले जातात. म्हणूनच वास असेल तेथे ‘वास’ एवढाच शब्द लिहिण्याचा आणि वास नसेल तेथे तसे स्पष्ट नोंदवण्याचा आमचा आग्रह असतो. अचूक नोंद प्रामाणिक रुग्णाच्या बाजूने उभी राहते. कोरी जागा सोडली तर ती कंपनी आपल्या सोयीने वाचते.

हेही सांगावयास हवे, की कलम १८५ हे चालकासाठी आहे. मागे बसलेला, रस्ता ओलांडणारा किंवा बसमधून प्रवास करणारा माणूस प्यालेला असला तर त्या कलमाखाली तो गुन्हेगार ठरत नाही. ‘वास आहे’ असे लिहिले म्हणून मागे बसलेल्या मुलावर वाहनाचा खटला होईल, ही आईची भीती निराधार असते. तिला हे शांतपणे समजावून सांगितले की बहुधा ती मुलाने किती घेतली होती तेही सांगते, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला नेमकी तीच माहिती हवी असते.

गांजा, भांग आणि गोळ्या

गांजाच्या बाबतीत मद्यासारखा परवाना नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात चरस व गांजा बाळगणे आणि सेवन करणे हा गुन्हा आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. त्यांच्यावाचून असलेली पाने व बिया या व्याख्येत येत नाहीत. पानांपासून होणारी भांग त्यामुळे केंद्रीय कायद्यातून सुटते आणि राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते; महाराष्ट्रात ती परवान्याविना विकता वा बाळगता येत नाही. महाशिवरात्र, होळी या दिवसांत भांगेला ‘देवाचा प्रसाद’ म्हणून कोणी कायद्याबाहेर समजू नये. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, तर २० किलोपासून ‘व्यापारी प्रमाण’ मानले जाते. शिक्षेत प्रचंड तफावत पडते ती यामुळे. केवळ सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

वाहनाच्या कायद्यात मद्याला जसा तिसाचा आकडा आहे, तसा गांजाला कोणताही आकडा नाही. चालक अमली द्रव्याच्या प्रभावाखाली इतका होता की त्याला वाहनावर योग्य ताबा ठेवता येत नव्हता, हे सिद्ध करावे लागते. लघवीची चाचणी येथे फारशी उपयोगी पडत नाही. नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचे अंश कित्येक दिवस, कधी काही आठवडे सापडतात. अपघाताच्या क्षणी तो कोणत्या स्थितीत होता हे त्यावरून कळत नाही. तेव्हा डॉक्टरने त्या वेळी केलेली तपासणी, म्हणजे नाडी, डोळे, चाल, बोटाने नाकाला स्पर्श करणे, वेळेचे भान, हीच मुख्य साक्ष राहते. खाल्लेल्या भांगेचा अंमल तासा-दोन तासांनी चढतो. ‘काही होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारा तरुण गाडीवर बसल्यानंतर अर्ध्या वाटेत त्याच्या तडाख्यात सापडतो.

याच तरतुदीत एक गोष्ट दडलेली आहे, ती आमच्या सर्व रुग्णांना लागू पडते. द्रव्य कायदेशीर होते की बेकायदेशीर, हे कलम विचारत नाही. डॉक्टरने लिहून दिलेली झोपेची गोळी, फिटचे औषध, सर्दीवरची गुंगी आणणारी गोळी घेऊन ताबा सुटला तर चिठ्ठी दाखवून सुटका होईलच असे नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘वाहन चालवू नये’ असा शिक्का असतो. भूल देऊन दुर्बिणीची तपासणी केलेल्या रुग्णाला त्या दिवशी नातेवाइकाविना आम्ही घरी सोडत नाही. बाहेर उभ्या असलेल्या आपल्याच मोटारसायकलची किल्ली मागणाऱ्या रुग्णांशी वाद घालण्यात आमच्या रखवालदाराचा पुष्कळ वेळ जातो.

व्यसनी तरुणांच्या पालकांसाठी या कायद्यातील कलम ६४-अ मोलाचे आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासनाने चालविलेल्या वा मान्यता दिलेल्या केंद्रात स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. आपल्या रुग्णालयाला ही मान्यता नाही. त्यामुळे अशा कुटुंबांना आमचे समाजसेवा अधीक्षक मान्यताप्राप्त केंद्राचे पत्र देतात. उपचारांसाठी स्वतःहून आलेल्या मुलाचे नाव आम्ही पोलिसांना कळवू, ही धास्ती पालकांनी मनातून काढून टाकावी. वर्दी दिली जाते ती अपघात, विषबाधा, मारहाण अशा न्यायवैद्यक प्रकरणांत.

कागदपत्रांविषयी शेवटी थोडेसे, कारण कार्यालयाच्या खिडकीवर सर्वाधिक गर्दी त्यांसाठीच असते. डिस्चार्ज कार्ड व उपचारांचे कागद रुग्णाला किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या नातेवाइकाला मिळतात. विमा प्रतिनिधीला रुग्णाच्या संमतीपत्राशिवाय देत नाही. न्यायवैद्यक नोंदवहीचा उतारा पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या मागणीवरूनच दिला जातो. पोलिसांच्या हवाली केलेल्या मोहोरबंद नमुन्याचा निकाल, ज्याला सर्वजण ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात, तो न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून थेट पोलिस ठाण्यात जातो, आणि त्याला पुष्कळदा बरेच आठवडे लागतात. तो आमच्याकडे येत नाही, त्यामुळे त्यासाठी आमच्याकडे खेपा घालू नयेत. तपास अधिकाऱ्याचे नाव व नमुना दिल्याच्या पोचपावतीचा क्रमांक मात्र आमच्या अपघात विभागातून कोणत्याही वेळी मिळेल.